‘दे’ आला कुठून?

व्हायकिंग म्हटलं की जहाजं, कुऱ्हाडी आणि ७९३ साली लुटलेला इंग्लंडमधला लिंडिसफार्नचा मठ, एवढंच सगळ्यांना आठवतं. मला मात्र त्यांची सगळ्यात मोठी खूण दिसते ती आपण शाळेत घोकलेल्या ‘ही, शी, इट, दे’मध्ये. यातला ‘दे’ बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यांच्या नॉर्स भाषेतल्या ‘थेइर’पासून आलाय. (जुन्या इंग्रजीतल्या ‘था’ या दर्शक सर्वनामाचाही त्यात हात आहे असं काही जण म्हणतात. असेलही.)

जुन्या इंग्रजीत ‘तो’ला ‘हे’, ‘ती’ला ‘हेओ’ आणि अनेकवचनी ‘ते’ला ‘हीए’ म्हणत. उच्चार झिजले तशी ही रूपं एकमेकांत मिसळायला लागली. कोण कोणाबद्दल बोलतंय तेच कळेना. वेगळा, ठसठशीत शब्द हवाच होता आणि तो शेजारीच होता.

शेजारी म्हणजे अगदी बांधाला बांध लागून. ८६५ साली या व्हायकिंगांची डेनिश फौज इंग्लंडमध्ये उतरली, लढाया झाल्या. पण अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या जुन्या इंग्रजी बखरीतली ८७६ ची नोंद वाचा: त्यांचा म्होरक्या हाफडाननं उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रियाची जमीन वाटून दिली आणि त्याची माणसं नांगर धरून पोट भरू लागली. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्झबी या नावांतला ‘बी’ म्हणजे त्यांचं गाव.

वस्तू आली की तिचं नावही येतं, त्यात नवल नाही. सर्वनाम असं येत नाही. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक लागते, बाजारहाट लागतो, दोन्ही बोली कानावर घेत वाढलेली पोरं लागतात. लुटालुटीच्या कहाण्या शंभरदा सांगितल्या जातात, हा सहवास कोणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाराव्या शतकात लिंकनशरच्या ऑर्म नावाच्या धर्मगुरूनं, ज्याचं नावच नॉर्स, आपल्या ‘ऑर्म्युलम’ या पुस्तकात ‘दे’चं जुनं रूप लिहिलंय. त्याच्या स्वतःच्या हातची प्रत ऑक्सफर्डला आहे. दक्षिणेत हा शब्द रुजायला मात्र बराच वेळ लागला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसर लंडनच्या बोलीत लिहितो, ‘दॅट हेम हॅथ होल्पन, व्हॅन दॅट दे वेअर सीके’. आजारपणात ज्यानं त्यांना मदत केली तो, असा अर्थ. एकाच ओळीत जुना ‘हेम’ (म्हणजे ‘त्यांना’) आणि नवा ‘दे’! मला ही ओळ फार आवडते.

पंधराव्या शतकात ‘देअर’, ‘देम’ही स्थिरावले. ‘हेम’ लिखाणातून गेला, बोलण्यातून नाही. इंग्रज बोलताना ‘एम’ म्हणतात ना, तो ‘देम’चा तुकडा समजला जातो. तो खरा ‘हेम’च आहे.