जुन्या चिठ्ठीवर गोळ्या न दिल्याच्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार,

पंचवटीतील आमच्या औषध दुकानाला एक तारा देऊन आपण लिहिले आहे की, आईंचा रुमेटॉइड संधिवात बळावलेला असताना आम्ही प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले नाही, ‘डी-थ्री’च्या, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या, रोज एक याप्रमाणे मागितलेल्या 30 पुड्यांऐवजी चारच दिल्या आणि काउंटरवरच्या मुलाने आपल्याला चारचौघांत सुनावले. तो तसे बोलला, हे खरे आहे आणि त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. गोळ्या नाकारण्यामागचे कारण त्याच वेळी सांगायला हवे होते, ते आता सांगतो.

डॉक्टरांची चिठ्ठी गेल्या वर्षीची होती. आपणच लिहिता की, आईंना हल्ली बोटांपेक्षा मांड्या, कंबर आणि बरगड्या जास्त दुखतात, आणि जिना चढताना आधार लागतो. हे दुखणे संधिवाताचेच असेल असे नाही. ड जीवनसत्त्व दीर्घकाळ कमी राहिले की हाडात कॅल्शियम व फॉस्फरस नीट भरत नाहीत आणि हाड मऊ राहते. डॉक्टर त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. संधिवाताच्या रुग्णात ते नजरेतून सुटते, कारण दुखणे वाढले की सांध्यांवरच संशय जातो आणि स्टेरॉइड वाढवले जाते, जे आतड्यातून कॅल्शियम कमी शोषू देते व हाडे आणखी ठिसूळ करते. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज या रक्ततपासण्यांवरून डॉक्टरांना पुष्कळसा उलगडा होतो. निदान करणे माझे काम नाही, पण अशी लक्षणे ऐकून जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइड देणे मला पटत नाही.

एका पुडीत 60,000 युनिट असतात आणि ती सहसा आठवड्यातून एकदाच, ठरावीक आठवडे घ्यायची असते. रोज घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आई पहाटे गोदाघाटावर कोवळ्या उन्हात बसतात, तरी कमतरता कशी, असे आपण विचारले आहे. त्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण फार थोडे असतात. ते दुपारच्या सुमारास जास्त मिळतात. मात्र काही औषधांमुळे ऊन बाधते, म्हणून किती वेळ बसावे हे डॉक्टरांनाच विचारावे.

आईंच्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सध्या चालू असतील, तर त्या अचानक बंद करू नका. आजच डॉक्टरांशी बोला. नवी चिठ्ठी मिळताच औषध घरपोच पाठवण्याची व्यवस्था मी स्वतः करीन.

आपला,
दुकानाचा मालक