सर्वांत उंच खांबच आधी पाडायचा?

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांत क्वालिटीचे काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे: ८०-२० (२० टक्के कारणांतून ८० टक्के दोष येतात) हा निसर्गनियम असून पॅरेटोंनी तो कारखान्यांसाठी शोधला, म्हणून पॅरेटो चार्टवरचे (दोषांचे प्रकार उतरत्या क्रमाने खांबांत दाखवणाऱ्या आलेखावरचे) पहिले दोन खांब पाडा, ८० टक्के रिजेक्शन संपेल, बाकीच्यांकडे पाहू नका.

इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो १९२३ मध्ये वारले, आणि त्यांचा अभ्यास उत्पन्न व संपत्तीच्या वाटणीचा होता. दोषांच्या वर्गवारीला त्यांचे नाव गुणवत्ता-व्यवस्थापनाचे तज्ज्ञ जोसेफ ज्युरान यांनी दिले आणि ते चुकीने दिल्याची कबुलीही १९७५ मध्ये त्यांनीच दिली. पॅरेटोंनी तो कारखान्यांसाठी शोधल्याचा दावा इथेच गळतो. शिवाय ८० टक्के दोषांचे आणि २० टक्के कारणांचे, त्यामुळे त्यांची बेरीज शंभर होण्यात काही अर्थ नाही.

खरी गफलत खांबाच्या उंचीत आहे. समजा, मशिनिंगच्या एका लाइनवर महिन्यात २०० दोष नोंदले गेले: बर (कापलेल्या कडेला उरलेली धातूची धारदार कोर) ९६, ओरखडे ५४, ब्लो होल (ओतकामात वायूमुळे राहिलेली पोकळी) २२, माप चुकलेले १६, इतर १२. चार्टवर बर पहिला येणार. पण बर कानस मारून मिनिटभरात निघते, तर ब्लो होल बोअरिंग (भोक कापून मोठे करणे) झाल्यावर दिसतो आणि तोवर झालेल्या मजुरीसकट कास्टिंग (ओतीव भाग) भंगारात जाते. बर काढायला नगामागे ५ रुपये आणि ब्लो होलच्या नगामागे ४०० रुपये धरले, तर पहिल्याचे ४८० आणि दुसऱ्याचे ८,८०० रुपये होतात. रुपयांत मांडलेल्या चार्टवर तिसरा खांब बरच्या कितीतरी पुढे जातो.

पुढचा मुद्दा असा की खांब लक्षणाचा असतो, कारणाचा नव्हे. बर बोथट टूलमुळे आली की फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) जास्त ठेवल्यामुळे, हे चार्ट सांगत नाही. ते मशीनपाशी उभे राहून शोधावे लागते. वर्गवारीही आपणच करतो. सगळ्या शिफ्टचे निरनिराळे गोंधळ ‘ऑपरेटरची चूक’ या एका रकान्यात टाकले, की तो खांब उंच होणारच. (आढावा बैठकीत हा रकाना सर्वांना फार सोयीचा वाटतो.)

‘बाकीच्यांकडे पाहू नका’ हे तर धोक्याचे आहे. ब्रेकच्या भागात वर्षातून एकदाच सापडलेली चीर चार्टवर ‘इतर’मध्ये, अगदी उजव्या टोकाला बसते. क्षुल्लक म्हटलेल्या त्या उरलेल्या कारणांना ज्युराननीही पुढे ‘उपयुक्त अनेक’ म्हणणे पसंत केले.