मागच्या डिफरन्शियलच्या कामाबद्दल आलेल्या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून उत्तरही मराठीत देतोय. डेट्रॉइटच्या आसपासची आपली बरीच मंडळी ब्रेक आणि ऑइल चेंजसाठी माझ्याकडे येतात आणि त्यांच्यातल्या दोघांनी मला फोन करून "हे काय प्रकरण आहे?" असं विचारलं. म्हणजे माझ्या आधी तो सगळ्यांनी वाचलाय.

तुमच्या गाडीचं मोडलेलं मागचं डिफरन्शियल (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारी गिअरपेटी) काढून दुसऱ्या कंपनीचं बसवायच्या कामाला ठरल्यापेक्षा जास्त दिवस लागले, मधल्या काळात तुम्हाला भाड्याची गाडी घ्यावी लागली आणि काम कुठवर आलंय हे विचारायला दर वेळी फोन तुम्हालाच करावा लागला. या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो.

तुमच्या तक्रारी तीन आहेत. महिनाभर उशीर झाला, बिल अंदाजापेक्षा वाढलं, आणि एवढं करून अ‍ॅक्सिलरेटर दिला की ताशी 45 ते 55 मैलांच्या दरम्यान गाडी मागून कण्हते. या तिसऱ्या तक्रारीला जोडून तुम्ही लिहिलंत, "गिअर नीट बसवलेच नाहीत, हेल्परकडून उरकून घेतलं असणार." पहिल्या दोन गोष्टी मी सोसल्या असत्या. या वाक्यानं मात्र मला दोन रात्री झोप लागली नाही.

उशिराचं आधी सांगतो. तुमची गाडी मिशिगनमध्ये मिठाच्या रस्त्यांवर चाललेली आहे. मागच्या क्रेडलचे, म्हणजे डिफरन्शियल आणि सस्पेन्शन ज्यावर बसतं त्या सांगाड्याचे, बोल्ट गंजून एकजीव झाले होते, ते तापवून, कापून काढावे लागले. दुसऱ्या कंपनीचं डिफरन्शियल बसवायचं म्हणजे हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे दांडे) आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा दांडा) मापानं बनवून घ्यावे लागतात. ते मी बनवत नाही, बाहेरून येतात, आणि हाफ शाफ्टची पहिली जोडी आली ती लांबीला चुकीची. ती परत पाठवली. बिलातली वाढ बोल्ट, नवीन ब्रेक लाइन आणि बुश यांची आहे. प्रत्येक पावती बिलाला जोडली आहे.

आता आवाजाचं.

तुमची गाडी 2005 ची कॅडिलॅक सीटीएस-व्ही. कॉर्व्हेट झेड-06 मधलं 5.7 लिटरचं एलएस-6 इंजिन, 400 हॉर्सपॉवर, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. गाडी म्हणून मला ती फार आवडते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ज्या सेडानची साधी आवृत्ती व्ही-6 वर चालते, तिच्यात हे इंजिन घातलं आणि मागचं डिफरन्शियल त्या मानानं नाजूक राहिलं. ही गोष्ट या गाड्या चालवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. कंपनीनंही 2006 पासून मागचा भाग जास्त दणकट केला. मोडतं ते नुसत्या ताकदीनं नाही. मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट, क्रेडलचे रबरी बुश मऊ. क्लच झटक्यात सोडला की टायर रस्ता पकडतो, सुटतो, परत पकडतो, आणि अख्खा मागचा भाग धडाधड उडायला लागतो. त्याला व्हील हॉप म्हणतात. प्रत्येक वेळी टायर पकडतो तेव्हा जो दणका बसतो तो थेट क्राउन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या जोडीच्या) दातांवर आणि बाहेरच्या हौसिंगवर येतो. तुमचं मूळ डिफरन्शियल असंच गेलं. तुम्ही गाडीत ताकद वाढवायला कॅमशाफ्ट आणि हेडर्स बदललेले, वर ड्रॅगचे (सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीचे) चिकट टायर. ते गेलं याचं मला नवल वाटलं नाही, आणि तुम्हालाही वाटलं नव्हतं.

तुमच्यासमोर मी सगळे पर्याय मांडले होते. पुन्हा तेच बसवावं, 2006-07 च्या गाडीचं घ्यावं, फोर्डचं 8.8 इंची, किंवा फोर्डचं 9 इंची (इंच म्हणजे क्राउनच्या व्यासाचं माप). तुम्हाला 9 इंची हवं होतं, कारण रेसवाले तेच वापरतात. मी नको म्हटलं. 9 इंचीमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यापासून बरंच खाली बसतं, त्यामुळे दात एकमेकांवर जास्त घासतात. ताकद जबरदस्त, पण उष्णता आणि आवाज दोन्ही जास्त. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीला 8.8 पुरेसं आहे असं माझं मत होतं आणि आजही आहे. मला नुसतं बिल फुगवायचं असतं तर तुम्ही मागाल तेच बसवून दिलं असतं.

8.8 मध्ये मूळचाच 3.73 चा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे 3.73 फेरे) ठेवला, म्हणजे गाडीचा स्वभाव बदलणार नाही. सेटिंग मी स्वतः केलं. हेल्पर माझ्याकडे आहे, चांगला पोरगा आहे, चाकं काढतो, बोल्ट साफ करतो. क्राउन-पिनियनला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर उभा राहून मी हे काम शिकलो. एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) इकडेतिकडे झाला तर उस्ताद जॉब उचलून बाजूला टाकायचे आणि पुन्हा करायला लावायचे. तुमच्या गाडीत शिम (पातळ चकत्या) घालून पिनियनची खोली बसवली, बेअरिंगचा प्रीलोड (आवळलेपणा) टॉर्क रेंचनं मोजला, बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) आठ थाऊवर ठेवला. त्यानंतर दातांना पिवळी पेस्ट लावून क्राउन फिरवला. खूण दाताच्या मधोमध पडली पाहिजे, ती मधोमध पडली. त्याचे फोटो तारखेसकट तुमच्या ईमेलवर आहेत. गाडी तुमच्या ताब्यात द्यायच्या आधी तुम्हाला शेजारी बसवून आय-96 वर चक्कर मारली. पिनियन चुकीच्या खोलीवर बसलं असेल तर ते पहिल्या मैलापासून ओरडतं. त्या दिवशी 45 ला, 55 ला, 70 ला, कुठेच ते कण्हणं नव्हतं. एक बारीक गुणगुण होती. ती घट्ट पॉलियुरेथेन बुशमुळे आत येते. व्हील हॉप घालवायचा तर बुश घट्ट हवेत आणि घट्ट बुश आवाज गिळत नाहीत, हे मी आधीच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "एवढं चालेल."

तेव्हाच मी तुम्हाला एक कागद दिला. त्यावर तुमची सही आहे. नवीन क्राउन-पिनियनला पहिले 500 मैल जपायचं असतं. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हलक्या हातानं चालवायचं आणि मग पूर्ण गार होऊ द्यायचं. असं काही वेळा करायचं. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर नाही, लाँच (उभ्या गाडीला एकदम पूर्ण जोर देऊन सुटणं) नाही, ट्रेलर ओढायचा नाही. 500 मैलांना तेल बदलायचं, कारण सुरुवातीला दातांवरून सुटलेला धातूचा बारीक चुरा त्यात येतो. ही अट मी माझ्या सोयीसाठी घातलेली नाही. या प्रकारच्या गिअरमध्ये दात फिरता फिरता एकमेकांवर सरकतातही. कारखान्यातून आलेला दात डोळ्याला गुळगुळीत दिसतो, पण त्यावर बारीक उंचवटे असतात. हळूहळू, थोडं तापून, थोडं निवून ते एकमेकांना बसतात. ते बसायच्या आधीच जोर पडला तर दातांमधली तेलाची फिल्म तुटते, तिथला धातू तापतो, त्याचा कडकपणा जातो, आणि एकदा तो गेला की परत येत नाही.

तुम्ही आवाजाची तक्रार घेऊन आलात तेव्हा ओडोमीटरवर 200 मैलही वाढले नव्हते. मागचे टायर ड्रॅगचे होते. आणि ड्रॅग स्ट्रिपवरची वेळेची पावती तुम्हीच आनंदानं खिशातून काढून मला दाखवलीत. मी अभिनंदनही केलं. पण त्याच वेळी माझ्या पोटात गोळा आला होता. तेल काढलं तेव्हा ते काळं होतं आणि जळका वास येत होता. कव्हर उघडलं तर ज्या बाजूनं गाडी पुढे ढकलली जाते, त्या बाजूचे दात निळसर पडले होते. लोखंड तापलं की निळं पडतं, हे लेथवर काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात, टॉर्च तुमच्या हातात होता. बॅकलॅश पुन्हा मोजला, तो जवळजवळ जिथल्या तिथेच होता. आवाज फक्त अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर येतो आणि सोडला की थांबतो, असं तुम्ही रिव्ह्यूत स्वतःच लिहिलंत. निळे दातही नेमके त्याच बाजूचे आहेत. रिव्ह्यूत ड्रॅग स्ट्रिपचा उल्लेख नाही, कागदाचाही नाही.

हे सगळं असं चारचौघांत लिहायची माझी इच्छा नव्हती. तुम्ही गिऱ्हाईक आहात, गणपतीत आपण एका पंगतीला बसलो आहोत. परफॉर्मन्स गाडी रेसला न्यायला घेतली असं तुम्ही म्हणालात, ते बरोबरच आहे. फक्त तीन-चार आठवडे थांबायचं होतं. आणि ते डिफरन्शियल अजून मोडलेलं नाही, हेही इथं नोंदवतो. आधीचं याहून कमी मारात गेलं होतं.

माझं दुकान मोठं नाही. दोन लिफ्ट, मी आणि तो पोरगा. जाहिरात करायला पैसे नाहीत, लोक एकमेकांना सांगतात त्यावर चालतं. "हेल्परकडून उरकून घेतलं" हे वाक्य वाचून एक नवीन गिऱ्हाईक, तेही मागच्या अ‍ॅक्सलचंच काम, ठरलेला दिवस रद्द करून गेलं. तुमचा राग समजतो. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. पण जे काम मी स्वतः रात्री थांबून केलं ते मी केलंच नाही, एवढं तरी काढून टाका, अशी विनंती आहे.

यापुढे बाहेरून पार्ट बनवून घ्यायचं काम असेल तर तारीख सांगताना मी जास्त सांभाळून सांगेन, आणि कामाची खबर आमच्याकडून जाईल अशी काहीतरी पद्धत लावतोय. 500 मैलांची सूचना स्टिअरिंगवरच चिकटवून देऊ.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर डिफरन्शियलमध्ये नवीन तेल आणि त्यात मिसळायचं फ्रिक्शन मॉडिफायर मी माझ्या खर्चानं घालून देतो. आवाज तेवढ्यावर कमी होईल असं खोटं सांगणार नाही. तो वाढत गेला तर नवा क्राउन-पिनियनचा सेट लागेल. सेटचे पैसे तुमचे, मजुरीचं आपण बसून बघू. तोपर्यंत कृपा करून लाँच करू नका. सोमवार सोडून कधीही गाडी आणा आणि रात्रभर ठेवून जा, म्हणजे सकाळी गार असताना कव्हर काढून तुमच्यासमोरच पुन्हा पेस्ट लावून दाखवतो.