वाद मिटू न देण्याविषयी चार शब्द

आपल्या हाती एखाद्या राष्ट्राची सूत्रे आली असतील आणि त्यांच्यासोबत शेजाऱ्याशी चाललेला सीमेचा जुना वादही वारशात मिळाला असेल, तर आपण भाग्यवान आहात. बेकारी, महागाई किंवा शाळांची दुरवस्था यांविषयी कोणी अडचणीचा प्रश्न विचारलाच, तर सीमेकडे बोट दाखवण्याची सोय आपल्या पूर्वसुरींनी करून ठेवली आहे. ही ठेव जपायला हवी. आणि तिला खरा धोका शत्रूच्या रणगाड्यांपासून नसून मध्यस्थापासून आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण आपल्या प्रवक्त्याकडून पाठ करून घ्यावी. तिसरा आला की काय होते, हे अर्जेंटिनाला विचारा. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा या तीन बेटांवरून तिचे चिलीशी वाजले होते. १९७७ मध्ये लवादाने बेटे चिलीला दिली आणि पुढच्याच वर्षी अर्जेंटिनाने तो निवाडा साफ झिडकारला. इथवर सारे अनुकरणीय होते. डिसेंबर १९७८ मध्ये सैन्ये एकमेकांसमोर उभी ठाकली, आणि नेमके तेव्हाच पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल अंतोनियो सामोरे यांना मध्ये धाडले. मग काही वर्षे वाटाघाटींचे गुऱ्हाळ चालले आणि १९८४ मध्ये तह होऊन गेला. सत्तरी ओलांडलेल्या एका धर्मगुरूने दोन लष्करशहांच्या हातातोंडाशी आलेले युद्ध हिरावून नेले, ते असे.

तरीही चर्चेला सरळ नकार देणे बरे दिसत नाही. म्हणून चर्चेला अवश्य जावे, फक्त विषयापर्यंत पोहोचू नये. या बाबतीत व्हिएतनाम युद्धावरील पॅरिसच्या वाटाघाटींचा अभ्यास करावा. १९६८ च्या अखेरीस तिथे कित्येक आठवडे एकाच प्रश्नावर खल झाला, तो म्हणजे टेबल कोणत्या आकाराचे असावे. चौकोनी टेबल मांडावे, तर दक्षिण व्हिएतनामच्या सरकारशी लढणाऱ्या बंडखोरांना स्वतंत्र पक्ष म्हणून मान्यता दिल्यासारखे होते. दोनच बाजू ठेवाव्यात, तर ते बंडखोरांना चालत नाही. अखेर जानेवारी १९६९ मध्ये एक गोल टेबल ठरले, त्यावर ना झेंडे ना नावाच्या पाट्या, आणि चिटणिसांसाठी दोन आयताकृती टेबले त्यापासून ४५ सेंटिमीटर अंतरावर. हे अंतर कोणी मोजले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. दरम्यान तिकडे माणसे मरत होती. पण माणसांना टेबलाभोवती जागा नव्हती.

आपण सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य असाल, तर एवढे श्रम घेण्याचेही कारण नाही, नकाराधिकार पुरेसा आहे. नसाल, तर अशा पाचांपैकी एखाद्याशी सलगी ठेवावी.

न्यायाधिकरणाच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नये. बंगालच्या उपसागरातील सागरी सीमेचा भारताशी असलेला तंटा बांगलादेशाने तसा नेला. जुलै २०१४ मध्ये वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाच्या वाट्याला गेले, आणि मोठ्या देशाने तो निकाल मुकाट्याने मान्य केला. अशाने चार दशकांचे भिजत घोंगडे वाळून जाते आणि भाषणाला एक मुद्दा कमी पडतो.

शेवटी, शेजाऱ्याशी हसून बोलण्याची सवय तर मुळीच लावून घेऊ नये. कॅनडा आणि डेन्मार्क यांच्याजवळ ग्रीनलंडलगतच्या हान्स बेटाचा अस्सल वाद होता. बेट जेमतेम १.३ चौरस किलोमीटरचे, वस्ती शून्य, नुसता खडक. पण एकाने जाऊन आपला झेंडा रोवावा आणि मद्याची बाटली ठेवून यावी, मग दुसऱ्याने जाऊन आपला झेंडा आणि आपल्याकडची बाटली ठेवावी, असा पोरखेळ त्यांनी वर्षानुवर्षे चालवला. व्हायचे तेच झाले. जून २०२२ मध्ये दोघांनी ते बेट आपसांत वाटून घेतले, आणि आता बाटली घेऊन तिथवर जायला कोणाकडेच सबब उरलेली नाही.