स्टार्टच्या बटणाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गाडीचं स्टार्टचं बटण मी घरीच बदललं, त्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "चार पैसे वाचवायला लोकांना चोरीचं आणि अपघाताचं आमंत्रण देताय. बाजारातलं बटण लावलं की कोणीही गाडी चालू करून नेईल." चोरीचा मुद्दा मला पटला नाही. अपघाताचा पटला, आणि तो माझ्या लेखात यायलाच हवा होता.

आधी चोरीचं. माझ्या गाडीतलं बटण दारावरच्या बेलसारखं आहे. ते दाबलं की कंट्रोल युनिटला, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला, फक्त कळतं, की कोणीतरी दाबलंय. रिमोट गाडीत आहे का, त्याचा कोड जुळतो का, ब्रेकवर पाय आहे का, हे सगळं युनिट बघतं. स्टार्टर मोटरचा 100 अँपिअरच्या वरचा करंट तर या बटणातून जातच नाही.

तुम्हाला ज्याची भीती वाटते ते वेगळं: साध्या किल्लीच्या गाडीला बसवायचं 'पुश स्टार्ट किट'. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मी बटण मागितलं तर दुकानदाराने आधी तेच पुढे केलं. त्यासाठी इग्निशनच्या वायरी कापाव्या लागतात. इमोबिलायझर (किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) गप्प बसावा म्हणून काही जण किल्लीतली चिप डॅशबोर्डमागे कायमची चिकटवून टाकतात, म्हणजे चोराचं काम आपणच सोपं करतो. ते मी कधीच लावणार नाही. हा फरक लेखात नव्हता, तुमचा गैरसमज त्यातूनच झाला असणार.

आता अपघाताचं. ॲक्सिलरेटर अडकला तर धावती गाडी बंद करायला हेच बटण हाताशी असतं. 2009 मध्ये कॅलिफोर्नियात एका लेक्ससचं पेडल मॅटमध्ये अडकलं आणि गाडीतले चौघेही गेले. त्या गाडीचं इंजिन चालत्यात बंद करायला बटण 3 सेकंद दाबून धरावं लागायचं. स्वस्त बटणाचा संपर्क मध्येच सुटला तर ते 3 सेकंद पुरे होणारच नाहीत! तुमची प्रतिक्रिया वाचून मी रविवारी बटण पुन्हा काढलं, मीटर लावलं आणि 10 सेकंद दाबून धरलं, वीस वेळा. आकडा हलला नाही, म्हणजे संपर्क एकदाही सुटला नाही. खरं तर हे बसवण्याआधीच करायला हवं होतं.

आणखी एक राहिलं होतं. बऱ्याच गाड्यांत रिमोटचा सेल संपला की रिमोट बटणाला टेकवून गाडी चालू करतात, कारण अँटेनाची कॉइल बटणाभोवतीच असते. बाजारातल्या बटणात ती नसेल तर तुम्ही रात्री रस्त्यावर अडकलात. मी सीआर2032 सेल काढून पाहिला, गाडी चालू झाली.

जुनं बटण उघडलं तेव्हा आतले संपर्क हिरवे पडले होते. चार पावसाळे गाडी इमारतीबाहेर उघड्यावर उभी होती. मुंबईत हे अनेकांच्या नशिबी येणार, म्हणून तर लिहायला घेतलं. वॉरंटी चालू असेल तर मात्र स्वतः हात लावू नका. माझी संपली होती.

तुमची गाडीही दोन-तीनदा दाबल्यावरच चालू होते म्हणालात. आधी कोणाला तरी मागे उभं करून ब्रेकचे दिवे दर वेळी लागतात का ते बघा. ब्रेकच्या पेडलचा स्विच बिघडला तरी अगदी असंच होतं, आणि मग बटण उघडायची गरजच नाही.