वायफाय आलं की लाइट जाते

लाइट गेली की माणूस आधी खिडकीशी जातो. समोरच्या बिल्डिंगमध्येही अंधार असला तर त्याला बरं वाटतं. वीज कंपनीला दोन शब्द ऐकवून तो निवांत बसतो. समोर लखलखाट आणि आपल्याकडेच काळोख असेल, तर मात्र घरातली सगळी मंडळी त्याच्याकडे बघायला लागतात. यंदाच्या पावसाळ्यात डोंबिवलीतल्या आमच्या घरासमोर कायम लखलखाट होता.

घराला रंग काढला त्या निमित्ताने टीव्हीमागे धूळ खात पडलेला राउटर मुख्य दाराच्या वर, जिथे भोक पाडून फायबरची वायर आत येते तिथेच एका फळीवर बसवायचा, असं ठरलं. रंगाऱ्याबरोबर आलेल्या वायरमनने तासाभरात तिथे नवा पॉइंट काढून दिला, केसिंगपट्टी मारली, ‘एकदम टकाटक’ म्हणाला आणि पैसे घेऊन गावी गेला. तो अजून गावीच आहे. फोन लागतो, पण तिकडे फक्त कोंबडे आरवतात.

राउटर लावला. आधी पॉवरचा दिवा लागला. मग ‘पॉन’चा, म्हणजे फायबरची लाइन मिळाल्याचा, दिवा लुकलुकून स्थिर झाला. मग इंटरनेटचा. आम्ही सगळे माना वर करून आकाशकंदील लावल्यासारखे उभे होतो. शेवटी वायफायचा दिवा हिरवा झाला आणि दाराशेजारच्या बोर्डात ‘खट्’ आवाज होऊन अख्खं घर गेलं. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला, फ्रीज गप्प झाला, बायकोच्या लॅपटॉपवरचा बॉस तोंड उघडं ठेवून गोठला. आईच्या मालिकेत सासू सुनेच्या थोबाडीत मारायला हात उगारत होती. लाइट परत आणून सेटटॉप बॉक्स जागा होईपर्यंत जाहिराती सुरू झाल्या होत्या. ती थोबाडीत आमच्या घरात आजतागायत बसलेली नाही.

पहिल्यांदा योगायोग वाटला. पुन्हा लावला, पुन्हा हिरवा दिवा, पुन्हा खट्. कधी लगेच, कधी चार मिनिटं हूल देऊन. त्यामुळे प्रत्येकाला आपापला सिद्धान्त मांडायला वाव मिळाला. मी म्हणालो, मुलगा गेम लावतो तेव्हाच जाते. मुलगा म्हणाला, बाबांचे व्हिडिओ सुरू झाले की जाते. बायको म्हणाली, माझी मीटिंग असते तेव्हाच जाते. आणि पुरावे तिच्या बाजूने भक्कम होते. आईचं मत पडलं की ती बाहेरून येणारी वायरच करंट आत आणते. फायबरमधून करंट नाही, उजेड येतो, काचेच्या तंतूतून, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, “उजेड येतो म्हणतोस, आणि आला की अंधार होतो.” ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बोर्डात पडत होता तो साधा एमसीबी नव्हे. तो बिचारा लोड फार झाला किंवा शॉर्टसर्किट झालं तरच पडतो. गीझर, इस्त्री आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले तर पडायचा त्याला हक्क आहे. पडत होता तो त्याच्या शेजारचा, अंगाने रुंद आणि ‘टी’ लिहिलेलं टेस्ट बटण असलेला आरसीसीबी. आपले वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. हा लोड मोजत नाही. कार्यालयात लग्नाच्या पंगतीला वाट्या मोजून देणारी एखादी आत्या असते ना, तसा हा दारात बसलेला असतो: फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. जरा कमी आला, म्हणजे मधे कुठेतरी, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, तो जमिनीत जातोय, असं धरून हा क्षणात सगळंच बंद करतो. घरगुती आरसीसीबीवर ह्या कमतरतेची हद्द म्हणून सहसा 30 मिलीअँपियर लिहिलेलं असतं, पण 15च्या पुढे कुठेही तो पडू शकतो. आपला जीव वाचवण्यासाठीच तो आहे, त्यामुळे ‘काढून टाका ना तो’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांकडे मी लक्ष दिलं नाही. असं म्हणणारे शेजारी बरेच निघाले, हे जाता जाता नोंदवतो.

आधी इंटरनेट कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा अतिशय गोड होता.

“सर, एकदा राउटर बंद करून चालू करता का?”

“चालू केला की घर बंद होतं.”

“ओके सर. मग बंद करून बघितलंत?”

“बंद केला की घर चालू होतं.”

“म्हणजे प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला ना, सर?”

संध्याकाळी मेसेज आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया पाचपैकी तारे द्या. मी बॅटरीच्या उजेडात एक तारा दिला. त्यावर माणूस घरी आला. त्याने अडॅप्टर बदलला, खट्. राउटर बदलला, खट्. मग त्याने लेझर सोडून फायबर तपासली, जिच्याबद्दल आईखेरीज कुणाचीच तक्रार नव्हती. ती ठणठणीत निघाली. “आमच्याकडून सगळं ओके आहे, तुमच्या घराची वायरिंग बघा,” असं म्हणून तो सही घेऊन गेला.

मग स्टेशनजवळचा वायरमन आणला. त्याने टेस्टर खुपसला, टेस्टर पेटला. “फेज आहे. पॉइंट ओके.” शिवाय त्या पॉइंटवर आईचा झिरोचा एलईडी दिवा रात्रभर बिनबोभाट जळला होता, हे कळल्यावर तर त्याने पॉइंटला निर्दोष सोडलंच. “वायफायचा माल चायना आहे. आणि भिंतीला ओल आहे. दिवाळीपर्यंत सुकेल.” पावसाळ्यात वायरमनला आणि डॉक्टरला हे फार सोपं असतं, एकाकडे ओल असते, दुसऱ्याकडे व्हायरल. आता इंटरनेटवाल्याच्या मते दोष विजेचा होता, वीजवाल्याच्या मते इंटरनेटचा, आणि दोघांनीही माझ्याकडून व्हिजिट चार्ज घेतला होता. अडॅप्टरच्या दोन पिनांच्या अलीकडचं एकाचं, पलीकडचं दुसऱ्याचं. पिना मात्र माझ्या.

तोवर राउटर स्वयंपाकघरातून आणलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालत होता. तिथे तो आठवडा आठवडा पडत नव्हता. पडत होतो ते आम्ही, कारण वायर हॉलच्या मधोमध होती. बायको म्हणाली, चालतंय ना, राहू दे की असंच. पण नव्या रंगाच्या भिंतीवर नवा कोरा पॉइंट, त्याला नवी पट्टी, आणि त्याच्याखालून जुनी पिवळी वायर लोंबतेय, हे दृश्य येणाऱ्या-जाणाऱ्याला खुलासा मागत होतं. खुलासा करून करून मी कंटाळलो आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं.

काका बोर्डातून निवृत्त झालेले. 2005 साली राज्य वीज मंडळाची वाटणी होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झाल्या, पण काकांच्या लेखी अजून बोर्डच आहे आणि तेही त्यांच्याशिवाय कसंबसं चाललंय. ते मोबाइल न घेता, मल्टिमीटर आणि एक होल्डर घेऊन आले. होल्डरला दोन पिनांचा प्लग आणि त्यात पिवळ्या उजेडाचा 60 वॅटचा जुना बल्ब. राउटरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. स्टुलावर चढून बल्बचा प्लग पॉइंटात घातला, बटण दाबलं. खट्.

“बल्बात वायफाय आहे का?” काकांनी वरूनच विचारलं.

इतके दिवस आम्ही राउटरला, अडॅप्टरला, चीनला आणि पावसाला शिव्या देत होतो. बल्ब पेटायच्या आत सगळे निर्दोष सुटले.

“परत येणारा करंट आपल्या आरसीसीबीतून येतच नाहीये,” काका म्हणाले. “ह्या पॉइंटचा फेज तुझा आहे. न्यूट्रल कुणाचा तरी दुसऱ्याचा आहे.”

आई आतून म्हणाली, “अगं बाई!”

मग हिशेब झाला. अडॅप्टरवर लिहिलेलं 12 व्होल्ट, 1 अँपियर. म्हणजे फार तर 12 वॅट. घरातल्या 230 व्होल्टने भागलं की 50 मिलीअँपियरच्या थोडं वर. राउटर सुरू होताना ह्याहून बराच कमी घेतो, वायफाय फेकायला लागला आणि माणसं चिकटली की जास्त. काकांच्या मते 15 ते 30च्या त्या काठावरच त्याचं सगळं चाललं होतं, म्हणून कधी लगेच तर कधी चार मिनिटांनी. आईच्या अर्ध्या वॅटच्या दिव्याच्या दोन मिलीअँपियरकडे आरसीसीबीने काणाडोळा केला. एखादी वाटी कमी आली तर आत्याही बोलत नाही. पण इथे वाट्या चोरीला जातच नव्हत्या. पंगत उठली की दुसऱ्याच दाराने निघून जात होत्या. हे दुसरं दार कुठलं, एवढंच शोधायचं होतं.

घराचा मेन बंद केला. आरसीसीबी पडलेलाच होता, आणि तो पडला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात, म्हणजे घरातले न्यूट्रल बाहेरच्यांपासून सुटे झाले. काकांनी मल्टिमीटर आवाजावर लावला, म्हणजे दोन्ही काड्या एकमेकींना जोडलेल्या वायरींवर पडल्या की तो वाजतो. एक काडी हॉलमधल्या पॉइंटच्या न्यूट्रलला, दुसरी बेडरूममधल्या: पीं. हॉल आणि स्वयंपाकघर: पीं. हॉल आणि दारावरचा नवा पॉइंट: शांतता. काकांनी चष्मा वर केला, पट्टीवरून नजर फिरवत फिरवत दाराबाहेर नेली. पट्टी भिंतीतून आरपार गेली होती आणि बाहेर जिन्यातल्या दिव्यापाशी संपत होती.

जिन्याचा दिवा सोसायटीचा. त्याचा मेन मीटररूममध्ये, आणि मीटररूमची किल्ली सेक्रेटरींकडे. ते बनियनवर टॉवेल टाकून, ‘नक्की काय काम आहे’ असं विचारत खाली आले, किल्ली फिरवली आणि तिथेच उभे राहिले. काकांनी दिव्याच्या होल्डरला एक काडी लावली, आमच्या पॉइंटच्या न्यूट्रलला दुसरी. असा खणखणीत पीं वाजला की तळमजल्यावरचं कुत्रं भुंकलं. टकाटक वायरमनने फेज आमच्या बेलच्या स्विचवरून घेतला होता आणि न्यूट्रलसाठी बोर्डापर्यंत वायर ओढायचा कंटाळा आला म्हणून हाताशी होता तो जिन्यातला जोडला होता.

काकांनी तो तोडून टेप मारली, आमच्या बोर्डातून नवीन वायर ओढली. बल्ब पेटला, पेटलेलाच राहिला. राउटर लागला. हिरवा दिवा लागल्यावर आम्ही सगळे सवयीने डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. मी काकांना चहा दिला, पैसे विचारायचं धाडस केलं नाही.

पण सेक्रेटरी हलले नव्हते. “म्हणजे तुम्ही महिनाभर सोसायटीची वीज वापरत होतात,” ते म्हणाले.

“फेज त्याच्याच मीटरमधून येत होता हो,” काका म्हणाले. “सोसायटीची नुसती परतीची वायर.”

“वायर कुणाची?”

काकांनी कपबशी खाली ठेवून वर्तमानपत्राच्या समासात गणित केलं. पडण्याआधी राउटर जेवढा चालला तो सगळा वेळ मिळून अर्धा तास धरू. 12 वॅट, अर्धा तास, 6 वॅट-तास. हजाराचं एक युनिट. दहा रुपये युनिट धरला तरी सहा पैसे होतात, आणि ते ह्याने आधीच स्वतःच्या बिलात भरलेत. मी खिशातून एक रुपया काढून सेक्रेटरींपुढे धरला. उरलेले चौऱ्याण्णव पैसे सिंकिंग फंडाला. सेक्रेटरींनी तो घेतला नाही. प्रश्न पैशांचा नाही, पावती कुठल्या सदराखाली फाडायची हा आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ‘सदनिकाधारकाने सोसायटीचा न्यूट्रल विनापरवाना वापरल्याबाबत’ असा विषय आला आहे, गच्चीच्या गळतीच्याही आधी. काका त्यांचा बल्ब घेऊन येणार आहेत.