बेटावर शांतता आहे, तेवढी घालवून या

आंबोलीला आता काय मजा नाही बघा. धबधब्याखाली उभं राहायचं तर आधी भज्यांच्या गाडीला वळसा घाला, मग आपल्या बेळगावातल्या शहापूरचेच चार ओळखीचे भेटतात, "तुम्ही पण आलाय काय?" म्हणतात, आणि दोन थेंब अंगावर पडेपर्यंत मागनं कोणतरी ढकलतंय. म्हणून तुम्ही यंदा लक्षद्वीप ठरवलंय. लई झकास. ३६ बेटं, त्यातल्या १० वर माणसं राहतात, सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, आणि शांतता नुसती पडून आहे, वापरायला कोण नाही. आम्ही तेराजण जाऊन आलोय, तर ती कशी संपवायची ते सांगतो.

एकट्यादुकट्यानं मुळीच जाऊ नका. शांततेत माणसाला आपलंच डोकं ऐकू यायला लागतंय, ते बरं नव्हे. साडू न्या, साडूचा भाऊ न्या. परमिट लागतं, पण त्याला कशाला घाबरायचं, सीमाभागातला माणूस दोन-दोन भाषेत फॉर्म भरतच मोठा झालाय. गोव्याच्या सवयीनं बॅगेत बाटली तेवढी टाकू नका, तिथं दारूबंदी आहे. आमच्यातल्या दोघांना हे जहाजात कळलं आणि त्यांचा सगळा निसर्ग तिथंच संपला.

कोचीहून जहाज, बेटाप्रमाणे चौदा ते अठरा तास. तेवढ्या वेळात सीमाप्रश्न एकदा पूर्ण होतो. आणि गंमत सांगू? १ नोव्हेंबर १९५६ ला आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याच दिवशी ही बेटं केंद्रशासित झाली. हे मी डेकवर सांगितलं आणि चूक केली, कारण पुढचे तीन तास "मग आपल्याला पण केंद्रशासित करा की" यावर भांडण झालं आणि डॉल्फिन कुठल्या बाजूनं गेले कुणीच बघितलं नाही.

बेटावर उतरलं की पहिला स्पीकर. लाटांचा आवाज एकसारखाच असतोय, त्याला जरा ठेका द्यायचा. मग बादल्या भरभरून अंघोळ. तिथं नदी नाही, ओढा नाही, पावसाचं गोडं पाणी जमिनीत खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत असतंय, जास्त उपसलं तर खालचं खारं वर येतंय असं तिथला माणूस हात जोडून सांगत होता. आम्ही ऐकलं की, साबण लावता लावता.

पाणी गुडघाभर असलं की बूट घालून पोवळ्यांवरनं चालायचं. दगडच वाटतात हो, पण जिवंत असतात, आणि मोठे गड्डे वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात म्हणे, म्हणजे साडूच्या एका पावलाखाली किती वर्षं गेली ते तुम्हीच मोजा. त्याला एक तुकडा शोकेससाठी पण पाहिजे होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पोवळी पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे तोडायला-न्यायला बंदी, म्हटल्यावर म्हणाला, मग बारका घेतो.

वहिनींनी मात्र कायदा पाळला, नुसता एक शंख उचलला, तपकिरी, बोराएवढा, आणि फराळाच्या पिशवीत टाकला. रात्री दीडला पिशवी चालायला लागली. खरंच, कोपऱ्यातनं सरकत सरकत दारापर्यंत. कुणी भूत म्हणालं, कुणी मारुतीस्तोत्र सुरू केलं. बॅटरी मारली तर शंखाला पाय फुटलेले आणि त्याच्या नांगीला आम्ही नेलेल्या दोन किलो कुंद्यातला, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईतला, एक कण चिकटलेला. शंखात घर करून राहणारा खेकडा होता तो. त्या अख्ख्या ट्रिपमध्ये आमची तेरा माणसं एकदम गप्प बसली ती तेवढी दोन मिनिटं, आणि तेव्हा बाहेर लाट कशी फुटतीय ते पहिल्यांदा ऐकू आलं. मग कोणतरी म्हणालं, अरे रील काढा, रील काढा.

रेंजची काळजी करू नका. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालनं केबल आलीय. साडूनं तिथनंच फोटो टाकला, खाली लिहिलं, "स्वर्ग आहे, कुणाला सांगू नका," आणि तो फॅमिली ग्रुप, गल्लीचा ग्रुप, गणपती मंडळाचा ग्रुप, सगळीकडे फॉरवर्ड केला. मंडळ आता डिसेंबरचं ठरवायलंय. पन्नास नावं आलीत, ढोलाला जहाजात वेगळं तिकीट लागतं काय म्हणून मला विचारायलेत.